आधी परतीची वेळ

कोणताही प्रवास आखताना मी सगळ्यात आधी परतीची वेळ लिहिते. तीस वर्षं बसच्या डेपोत वेळापत्रकं बनवली की ही सवय हाडीमांसी खिळते. नवा मार्ग सुरू करायचा असला की साहेब लोक नकाशावर बोट फिरवत, गाडी कुठून कुठे जाईल यावर तासभर बोलतात. मी एवढंच विचारते, गाडी डेपोत परत कधी? चालकाला घरी जायचं असतं, गाडी धुवायची असते, सकाळच्या पाळीला ती पुन्हा लागते. शेवटची ओळ पक्की झाली की तिथून मागे मागे येत पहिल्या थांब्यापर्यंत पोहोचायचं. डेपोत मला मिनिटकाकू म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण आमच्याकडच्या भिंती पातळ आहेत.

ताईला घेऊन तीन दिवस द्राक्षमळे आणि समुद्र बघून यायचं ठरलं, तेव्हाही कोऱ्या कागदावर मी पहिली ओळ लिहिली ती तळाशी: रविवार, संध्याकाळी ६.४०, ताईचं घर. तिथेच माझं चुकलं. पण ते कळायला मला दोन आठवडे लागले.

ठरलं म्हणजे मी ठरवलं. ताईला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. दोन वर्षं ती सगळ्यालाच नको म्हणत होती. भाऊजी गेले, त्याच महिन्यात ती छापखान्यातून निवृत्त झाली, आणि त्यानंतर बाईसाहेब घराबाहेर पडल्याच नाहीत. खालच्या दुकानातून पाव आणायचा आणि जिन्याखालची पत्रपेटी बघायची, इतकाच तिचा पल्ला. तोही कसा, तर भाऊजींची एक जुनी चप्पल दारात अडकवून, दार उघडं ठेवून. मी गेले की आधी ती चप्पल पायानं बाजूला सारायचे आणि मग तिला झापायचे.

"अगं, कोणीही आत शिरेल."

"शिरू दे. नेण्यासारखं आहे काय इथे?"

मला वाटायचं, बाई बेफिकीर झाली. एकटी राहणारी माणसं होतात तशी.

द्राक्षमळेच का, तर त्याचं कारणही ताईच. छापखान्यात तिनं सत्तावीस वर्षं वाइनच्या बाटल्यांवरची लेबलं तपासली. डोळ्याला भिंग लावून रंग बघायचा, कडा बघायची, केसभर फरक पडला तरी अख्खा गठ्ठा परत पाठवायचा. यंत्रावरची माणसं तिला टरकून असायची. (आमच्या घराण्याला हा शापच आहे म्हणा.) कपाटात तिची एक जाडजूड वही आहे, तिच्यात शेकडो लेबलं चिकटवलेली. टेकडीवरून उतरत गेलेल्या वेलींच्या रांगा, दगडी कमानीचं तळघर, आणि एकावर पांढरं दीपगृह, त्याच्या पायाशी निळा समुद्र. यातली एकही जागा तिनं कधी पाहिली नव्हती. भाऊजी शाळेत भूगोल शिकवायचे, सगळं जग त्यांना नकाशावर तोंडपाठ होतं, पण गाडी लागायची. वळणाचा रस्ता म्हटलं की माणूस बसल्या जागी पांढराफटक. "पुढच्या वर्षी नक्की," असं ते दर वर्षी म्हणायचे आणि ताई दर वर्षी हसायची.

एकदा वही चाळता चाळता ती मला म्हणाली होती, "तो टेकडीचा हिरवा रंग खरंच तसा आहे का, एवढं एकदा बघायचंय. का आम्ही सगळे मिळून इतकी वर्षं थाप छापत होतो?"

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी तीन लेबलं निवडली. शुक्रवारी दगडी कमानीचं तळघर, शनिवारी सकाळी हिरवी टेकडी, दुपारी समुद्र. रविवारी दीपगृह. गाडी माझे यजमान चालवणार, म्हणजे वाइन चाखायची ती आम्ही दोघींनी आणि त्यांनी द्राक्षाचा रस पीत शहाण्यासारखं बसायचं. ते कबूल झाले. ते लिफ्टा दुरुस्त करतात. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी शांतपणे बोलत राहायची त्यांना सवय आहे, आणि माझ्याशी संसार करायला तीच कामी येते. समुद्रावरच्या हॉटेलात शेवटच्या आठवड्यातल्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे हंगाम संपतो आणि ते चार महिने बंद असतं. खोल्या पक्क्या करायच्या की सोडायच्या ते निघण्याच्या आधीच्या सोमवारपर्यंत कळवा, असं हॉटेलवालीनं सांगितलं.

कागद घेऊन मी ताईकडे गेले. चप्पल सारली, दार लावलं, कागद टेबलावर ठेवला. तिनं सवयीनं भिंग काढलं आणि वरून खाली वाचत गेली. टेकडीपाशी थोडी हसली. दीपगृहापाशी म्हणाली, "एकशे बारा पायऱ्या? मोजल्यास?"

"फोन करून विचारल्या."

"त्या माणसाला वेड लागलं असेल." मग ती तळाच्या ओळीपर्यंत आली, भिंग मिटलं आणि म्हणाली, "नको."

"का?"

"गुडघा."

गुडघा म्हणजे काय, डेपोत याहून अवघड गोष्टी मी रोज सोडवते. दुसऱ्या दिवशी कागदाची दुसरी आवृत्ती तयार झाली. तळमजल्यावरची खोली, दीपगृहात दर वीस पायऱ्यांवर पाच मिनिटं थांबा, आणि नाहीच जमलं तर खाली बाकावर बसायची सोय. ताई म्हणाली, झाडांना पाणी कोण घालणार? तिसऱ्या आवृत्तीत समोरच्या बाईंना पाण्याचं काम दिलं. मग ताई म्हणाली, आपल्याला घोरायची सवय आहे. मी तिला वेगळी खोली दिली आणि माझ्या यजमानांना माझ्याबरोबर ठेवलं, ते त्यांना तसंही भोगायचंच होतं. मग हवा. मग कपडे. मग म्हणे, वाइननं डोकं दुखतं. जिनं आयुष्यात चार घोट घेतले नसतील, तिचं डोकं दुखणार.

पाचव्या आवृत्तीलाही ती नको म्हणाली तेव्हा मी घरी येऊन पिशवी आपटली. राग होताच, पण त्याच्या खाली भीती होती, हे मी आता लपवत नाही. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मला सायकल तिनं शिकवली, वेणी घालायला तिनं शिकवलं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला माझ्यासोबत येऊन ती बाहेर दोन तास उभी होती. ती बाई आता पावाच्या दुकानापलीकडे जात नव्हती. या वेळी ती निघाली नाही तर पुन्हा कधीच निघणार नाही, असं मला आतून वाटत होतं.

यजमान स्क्रूड्रायव्हर पुसत होते. म्हणाले, "लिफ्ट अडकली की मी पहिल्यांदा काय विचारतो माहीत आहे? कुठल्या मजल्यावर अडकली. तू इतके दिवस नुसती बटणं दाबते आहेस."

मला त्यांचा राग आला. मग रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंतची दहा मिनिटं, मी त्यावर विचार केला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ताईकडे गेले. कागद तिच्यापुढे सरकवला आणि तिची तपासणीची लाल पेन्सिल तिच्या हातात दिली. "गुडघा नाही, झाडं नाहीत, मला माहीत आहे. यातली कुठली ओळ चुकली आहे तेवढी दाखव. बाकी काही विचारत नाही."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. मग तिनं अगदी तळाला, मी सगळ्यात आधी लिहिलेल्या ओळीभोवती गोल काढला. रविवार, ६.४०, ताईचं घर.

"जायला मला काही वाटत नाही गं," ती म्हणाली. "यायचं वाटतं."

मग तिनं सांगितलं. भाऊजींची शाळा दोनला सुटायची, ती छापखान्यातून यायची सहाला. सत्तावीस वर्षं तिनं आपल्या घराचं दार स्वतः उघडलं नव्हतं. जिन्यावरची तिची पावलं भाऊजींना ओळखू यायची, ती शेवटच्या पायरीवर पोहोचायच्या आत दार उघडायचं. घंटा वाजवायची वेळही यायची नाही. त्या दिवशी दार उघडलं नाही. घंटा वाजवली, तरी नाही. चावी पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहे हेसुद्धा तिला आठवेना. रुमाल, भिंग, डबा सगळं तिनं जिन्यावर ओतलं. चावी सापडली तर कुलपात कुठल्या बाजूला फिरवायची ते कळेना.

"किती वेळ गेला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यानं फरक पडला नसता, ते दुपारीच गेले होते. पण मला ते दार आठवतं. बंद दार आणि मी बाहेर."

मी दारात पडलेल्या चपलेकडे बघितलं. दोन वर्षं मी ती लाथेनं बाजूला सारत होते, आणि वर तिला अक्कल शिकवत होते. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुला काय माहीत. मी कुठे बोलले होते?"

लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली ते आता कळलं होतं. घरी जाताना बसमध्ये मला उपायही सुचला, आणि तो डेपोतलाच होता. नवा मार्ग सुरू करण्याआधी आम्ही त्यावरून रिकामी गाडी नेतो. प्रवासी नाहीत, घाई नाही. वळण कुठे अवघड आहे ते बघायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. इथे मार्गातला अवघड भाग फक्त शेवटचा होता. मग आपण परतीचाच सराव करायचा.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "मी काय बस आहे?"

"बसपेक्षा हट्टी आहेस. उद्या साडेपाचला."

पहिली फेरी पत्रपेटीपर्यंत. चप्पल आत, दार बंद, चावी माझ्याकडे. खाली गेलो, एक जाहिरात घेऊन वर आलो. मी दार उघडलं, आत जाऊन दिवा लावला आणि म्हटलं, "ये." ती आली. एकूण चार मिनिटं. दुसरी फेरी कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत, तिसरी बागेला एक चक्कर मारून. दर वेळी जिन्याच्या शेवटच्या वळणावर तिचा हात कठड्यावर घट्ट व्हायचा, दर वेळी मी पुढे होऊन दार उघडायचे आणि दर वेळी ती आत यायची. मी कागदावर नोंदी ठेवत होते. तळाच्या ओळीत मी भर घातली: ६.४०, दार उघडणे, दिवा लावणे: मी. माझ्या मते प्रश्न सुटला होता.

चौथी फेरी रविवारची, दोन तासांची. चष्म्याच्या दुकानात जाऊन तिच्या काचा बदलायच्या आणि यायचं. हॉटेलवालीला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. ताई छान मूडमध्ये होती. चष्मेवाल्याच्या भिंतीवरच्या चित्रातला निळा रंग उतरला आहे, हे तिनं त्याला दोनदा ऐकवलं. परत येताना जिन्यावरही बोलत होती.

आणि आम्ही शेवटच्या वळणावर असताना वरचं दार आपोआप उघडलं. आतला दिवा लागलेला, आणि उजेडात एक माणूस उभा.

माझे यजमान होते. निघताना समोरच्या बाईंना झाडांसाठी द्यायची ताईची जादा चावी मी त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. दोघी दमून येतील, म्हणून ते मदतीला लवकर येऊन बसले होते. चहाचं पाणीही ठेवलं होतं. आणि जिन्यावर पावलं ऐकली तशी, माणूस चांगला असल्यामुळे, पुढे होऊन त्यांनी दार उघडलं.

ताई होती तिथेच पायरीवर बसली. मी यजमानांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनी त्यांना इतकी वर्षं जे ऐकवलं असेल ते सगळं मी त्या एका मिनिटात ऐकवलं. ते बिचारे दाराला धरून उभे, चेहरा उतरलेला.

"त्यांना ओरडू नकोस," ताई म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "त्यांना ओरडू नकोस. चांगलं वाटलं मला. एक क्षणभर फार चांगलं वाटलं. तोच तर घोटाळा आहे."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"राहू दे ताई," मी म्हटलं. "मी उद्या हॉटेलला फोन करून नको सांगते."

"थांब जरा." तिनं नवा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "दार कोणीतरी उघडून दिलं की मला वाटतं, आत ते आहेत. यांनी उघडलं तरी तेच आणि तू पुढे होऊन उघडलंस तरी तेच. मी दर वेळी तुझ्या मागून आत यायचे आणि आधी त्यांच्या खुर्चीकडे बघायचे. तुला सांगितलं नाही. तू इतकी खुशीत असायचीस." मग यजमानांकडे बघून म्हणाली, "तुम्ही पाणी ठेवलंयत ना? मग चहा करा. सगळ्यांना."

आम्ही तो चहा प्यायलो. नंतर तिनं माझ्याकडे कागद मागितला. लाल पेन्सिल घेतली आणि तळाच्या ओळीतला माझा 'मी' खोडला. सरळ एक रेघ, समासात खूण, छापखान्यात करायची तशी. खाली लिहिलं: दार मी उघडीन. तुम्ही दोघं खाली गाडीत थांबा. दिवा लागला की जा.

माझ्या वेळापत्रकाला तीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. साहेबांनाही मी लावू दिला नव्हता. डेपोत बदल मंजूर झाला की समोर सही करावी लागते. मी तिच्या ओळीसमोर सही केली.

"आणि चाचणी?" मी विचारलं. "उद्या हॉटेलला कळवायच्या आधी एक फेरी तू एकटीनं..."

"चाचणी पुरे झाली. खोल्या पक्क्या कर."

त्या आठवड्यात मी तिला रोज फोन केला, पण चावीचं नाव काढलं नाही. ते फार जड गेलं. बुधवारी तिनं आपणहून विचारलं की वही सोबत घेतली तर चालेल का, म्हणजे टेकडीसमोर लेबल धरून बघता येईल. मी म्हटलं, शनिवारी ९.२०ला टेकडी आहे, उजेड चांगला असतो, मी विचारून ठेवलंय. ती म्हणाली, "अर्थात विचारलंच असशील."

शुक्रवारी निघायची वेळ ७.१०. सातला पाच कमी असताना मी वर गेले. यजमान खाली गाडीत. ताई तयार होती. बॅग, वही, भिंग, आणि गळ्यात दोरीला बांधलेली चावी. भाऊजींची चप्पल दारात नव्हती. आत कपाटाखाली जोडीच्या दुसऱ्या चपलेशेजारी ठेवलेली दिसली. ताईनं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हलवून बघितलं. मी बॅग उचलली आणि आम्ही उतरायला लागलो.

पहिल्या वळणावर ती थांबली. कठड्यावरचा तिचा हात मला दिसला. "जरा थांब," म्हणाली आणि उलट वर चढायला लागली.

मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या हिशेबात चार मिनिटं शिल्लक होती आणि मला एकाही मिनिटाची पर्वा नव्हती. झालं, मला वाटलं, आता ती आत जाणार आणि बाहेर येणारच नाही. मागून जावं, चावी मी घेते म्हणावं, असं पाय म्हणत होते. मी बॅग घट्ट धरली आणि गेले नाही.

वर चावीचा आवाज आला. एकदा चुकीच्या बाजूला फिरली, अडली, मग बरोबर फिरली. दार उघडलं. दिव्याचं बटण वाजलं. मग काहीच नाही, बराच वेळ. मग बटण पुन्हा वाजलं, दार लागलं, कुलूप लागलं, आणि गुडघा सांभाळत ताई एकेक पायरी खाली आली. डोळे लाल होते आणि हनुवटी वर होती.

"काय विसरलीस?" मी विचारलं.

"काही नाही. उघडून बघितलं." तिनं चावी पुन्हा गळ्यात घातली. "उघडतं. चल."

खाली गाडीत बसलो तेव्हा ७.१६ झाले होते. सहा मिनिटं उशीर. मी कागद काढला आणि पुढच्या सगळ्या वेळा सहा मिनिटांनी पुढे सरकवल्या. तळाची ओळ होती तशीच ठेवली.